अराबा मॅडमचा श्वास

कोड्याची चौथी ओळ वाचून झाली तरी यंत्राचा दिवा लागला नाही. समोरच्या बाकावरच्या मुलीने बझर दाबला, उत्तर सांगितलं आणि शेजारणीला कोपराने ढोसलं. सरावाची आठ कोडी झाली होती. मुली आठ, यंत्र शून्य.

"भिंतीला विचारलं असतं तरी एखादं आलं असतं," फीफी म्हणाला. कोडी तोच वाचत होता. कोडं ऐकून उत्तर ओळखणारं हे यंत्र सेलासीने बांधलं होतं, आणि शनिवारी केप कोस्ट शहरातल्या मोठ्या सभागृहात ते शाळांच्या प्रश्नमंजूषेत मुलांविरुद्ध उतरणार होतं. जितक्या लवकरच्या ओळीला दिवा, तितके गुण जास्त, असा तिथला नियम.

मुली गेल्या. मागच्या खुर्चीत एसिल्फी मास्तर तेवढे उरले. निवृत्त गायनमास्तर, चर्चमधली गाणारी मंडळी अजून त्यांना टरकून असत. यंत्राला शिकवायला वापरलेली नऊशे कोडी त्यांच्या बायकोने, अराबा मॅडमने, स्वतःच्या आवाजात भरून दिली होती. मॅडम रसायनशास्त्र शिकवायच्या, सेलासी त्यांचीच विद्यार्थिनी. ईस्टरच्या आदल्या आठवड्यात मॅडम गेल्या. तेव्हापासून मास्तर दर बुधवारी येत आणि त्यातली दहा-वीस कोडी लावायला सांगत. मॅडम वाचायच्या, यंत्र भराभर दिवे लावायचं, आणि म्हातारा खूश होऊन घरी जायचा. मास्तर बायकोला भेटायला येतात, असं फीफी चिडवायचा. ते खरंच होतं, त्यामुळे कुणी फारसं हसत नसे.

"मास्तर, जरा पुढे या," सेलासी म्हणाली. "चूक सापडलीय. पण तुम्हाला सांगितल्याशिवाय मी हात लावणार नाही."

तिने मॅडमचं एक कोडं लावलं. दोन ओळी झाल्या आणि दिवा लागला. मग तिने त्यातला अर्ध्या सेकंदाचा एक तुकडा कापला आणि तेच कोडं पुन्हा लावलं. दोन ओळी झाल्या, तीन झाल्या, चार झाल्या. दिवा लागला नाही.

"काय कापलंस?"

"श्वास. ज्या ओळीत उत्तर उघडं पडतं ना, तिच्या आधी मॅडम श्वास घ्यायच्या. जवळजवळ प्रत्येक कोड्यात. याच्याकडे उत्तर असतं हो, पण दिवा कधी लावायचा हे तो त्या श्वासावरून ठरवतो. आज फीफीने वाचलं, तर हा आपला वाट बघत बसला."

मास्तर स्वतःशीच हसले. "गातानाही तेच. वरचा सूर यायच्या आधी छाती भरून श्वास. पहिल्या रांगेपर्यंत ऐकू जायचा. छत्तीस वर्षं सांगितलं, अराबा, जरा चोरून घे गं. ऐकेल तर शपथ."

"सगळे श्वास काढून याला नव्याने शिकवावं लागेल," सेलासी म्हणाली. "मूळ रेकॉर्डिंग तुमच्याकडे राहीलच. फक्त..."

"फक्त हा विसरेल." मास्तरांनी यंत्राकडे बोट दाखवलं.

"हो."

"शनिवारचं रद्द करू," फीफी हळूच म्हणाला. "काही आभाळ कोसळत नाही."

मास्तरांच्या घरी मॅडमच्या चपला होत्या, चष्मा होता, तपासायच्या राहिलेल्या वह्यासुद्धा होत्या. पण तिच्या श्वासावरून तिचं पुढचं ओळखणारं त्यांच्याखेरीज जगात हे एवढंच होतं, टेबलावरचं एक खोकं. त्याची आपल्याला सोबत होऊ लागली होती हे त्यांना आत्ता कळलं, आणि फार वाईट वाटलं.

"पोरी, हे तिने सुरू कशाला केलं होतं?"

सेलासीला ते पाठ होतं. "ज्या शाळांत रसायन शिकवायला कुणी नाही, तिथल्या मुलांना सरावाला कुणीतरी हवं म्हणून."

"मग? तिथे काय ही श्वास घ्यायला जाणार आहे?" मास्तरांनी रुमालाने तोंड पुसलं. "काढ."

श्वास काढून नव्याने शिकवायला तीन तास लागले. तोवर तिघं बाहेर सावलीत बसून मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे केंके आणि तळलेली मासळी खात होते. मास्तरांनी अर्धा केंके तसाच ठेवला. परत आल्यावर फीफीने नवी कोडी वाचायला घेतली. पहिल्याला तिसऱ्या ओळीत दिवा लागला, दुसऱ्याला दुसऱ्या ओळीत, तिसऱ्याला पहिल्याच. फीफीने शीळ घातली. मास्तरांकडे बघून तो थांबला.

"चांगलं झालं," मास्तर म्हणाले. "आता तिचं एक लाव. श्वासासकट."

सेलासीने यादीतलं मधलंच एक कोडं लावलं.

"मी वायू आहे," मॅडम म्हणाल्या. "मला रंग नाही, वास नाही. माझं कुणाशीच जमत नाही."

मग श्वास आला. यंत्र पुढच्या ओळीसाठी थांबलं, जसं कुणाही वाचणाऱ्यासाठी थांबलं असतं.

खोलीत बझर वाजला. मुलींच्या बाकावरचा बझर मास्तरांनी दाबला होता.

सेलासीने रेकॉर्डिंग थांबवलं. "उत्तर, मास्तर?"

"मला कुठलं यायला," मास्तर म्हणाले. "तिने श्वास घेतला."