मिठाचं पाणी

पंचफुला रडतच प्रयोगशाळेतून बाहेर आली आणि पुढचा नंबर असलेला इंद्रभान उठून उभा राहिला.

"नाही पेववलं मले, भाऊ," एवढंच बोलून ती पायरीवर बसली.

महाराष्ट्र राज्य नवं, बुलढाण्यातलं हे कॉलेज त्याहून नवं. तरी रसायन मंडळानं आपला रिवाज पाडला होता. मंडळात यायचं तर उमेदवारानं रसायनाच्या काळवाघे सरांसमोर आम्ल आणि अल्कली मोजून मिसळायचं. लिटमस ना तांबडा ना निळा, असं जमलं की सर म्हणत, "पी." मोजमाप बरोबर तर नुसतं मिठाचं पाणी. थेंब चुकला तर घसा गेला.

यंदा जागा एकच. मंडळातल्यांच्याच हाती सामान मिळे; बाकीच्यांनी बाकावरून माना उंच करायच्या. त्यात इंद्रभानच्या बापानं, किसनरावांनी, पोरगं मंडळात लागल्याचं जानेफळभर सांगूनही टाकलं होतं. बापाची हौस, जीव मुलाचा.

मंडळाचा चिटणीस वामनराव, त्याला इंद्रभाननं काल विचारून पाहिलं होतं, की तुम्हीही प्यालात काय.

वामनराव हसला होता. "आमाले समद्यायलेच सरांनी पे म्हटलं बे."

म्हणून इंद्रभान खोलीवरूनच औषधाच्या शिशीत मिठाचं पाणी घेऊन आला होता.

आत गेल्यावर त्यानं थेंब तीनतीनदा मोजले, तरी आकडा चुकतच राहिला. लिटमस कसाबसा जमला. पण डोळ्यांना दिसलेलं मन कुठं ऐकतं? जीभ सोलून निघाल्याचं त्याला आधीच जाणवू लागलं. सर बाटल्या कपाटात ठेवायला वळले, वामनराव दाराशी पाठमोरा होता. इंद्रभाननं पेला मोरीत रिकामा केला, विसळला, शिशी त्यात उलटी केली.

सर वळले. "पी."

त्यानं एका दमात पेला संपवला.

"चव?"

"खारट, सर."

जानेफळची वेस, बापाचा फेटा, सगळं डोळ्यांपुढं आलं. पण सर शाबास म्हणेनात. वामनरावानं कपाळाला हात लावला.

"एवढा भ्याला होतास," सर हळू म्हणाले, "तरी प्यालास?"

"तुम्ही सांगितलं म्हणून, सर."

सरांनी त्याच्या हातातला पेला काढून घेतला.

"वामनराव, त्या मुलीला आत बोलाव. इथं जो पीत नाही, त्यालाच आम्ही घेतो."