मूळ प्रत

सालोनिकाच्या ज्यू धर्मगुरूंनी, रब्बी अझ्रिएलनी, जुन्या स्पॅनिश गुरूंच्या धर्मग्रंथातल्या एका ‘नाही’वर अख्खं पुस्तक लिहिलं होतं. बुडालेल्या खलाशाचं प्रेत सापडलं नाही, तर त्याच्या बायकोला पुन्हा लग्न करता येत नाही. याच आधारावर वीस वर्षांपूर्वी त्यांनी, खलाशी नवरा बुडालेल्या रेनाला दुसऱ्या लग्नाची परवानगी नाकारून परत पाठवलं होतं.

आज गुरूंच्या हातची मूळ प्रत आली. त्यात तो ‘नाही’ नव्हताच. नक्कल करणाऱ्यानं घुसडला होता.

रब्बी स्वतः रेनाच्या घरी गेले. ती पीठ मळत होती. त्यांची मान वर होईना.

“रेना, तुला लग्न करता येतं. तेव्हाही येत होतं. चुकलो मी.”

“बसा ना, रब्बी,” ती म्हणाली. “तेव्हा मला मागणी घालणारा आठवतो? मंगळवारी त्याच्याच लेकीचं लग्न तुम्ही लावताय. हे पीठ त्याच लग्नाच्या पावांचं.”