चर्चशेजारची चूल

"शिंपल्या थोड्या कमी पडल्या तर चालेल, बटाटे कमी पडता कामा नयेत," दोन्या एदेल्मिरा म्हणाली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. जेवणाच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा असे.

संत मिगेलच्या सणाची बैठक चर्चमध्येच बसली होती. डोक्यावर लाकडी छत होतं, पालथ्या घातलेल्या होडीसारखं. बाहेर धुकं होतं. बेट कुठे संपतं आणि समुद्र कुठे सुरू होतो, ते कळत नव्हतं.

पाद्री वर्षातून एखाद्या वेळी येई. एरवी प्रार्थना चालवायची, मयताच्या घरी जायचं, बैठका घ्यायच्या, हे काम बेलार्मिनोचं. लोक त्याला फिस्काल म्हणत. प्रार्थना त्याला तोंडपाठ होत्या, पण कुणाकडे काही मागायची वेळ आली की त्याचा आवाज बसायचा. वर्गणी मागायला म्हणूनच दुसरं कुणीतरी पुढे होई.

जेवण विकून छपराच्या फळ्यांसाठी पैसे उभे करायचे, हे ठरलं. पलीकडच्या बेटांवर होडीनं आमंत्रणं पाठवायची, हेही ठरलं. तिकडची माणसं प्रार्थनेला ओलीचिंब होऊन येत. त्यांना अंग शेकायला चर्चशेजारी एक चूल हवी होती. ते मात्र ठरलं नाही. खोली बांधणार कशातून?

"आणि घराचं?" सेफेरिनोनं विचारलं. गावातले बैल त्याचे.

"कुणाचं घर?" दोन्या एदेल्मिरा म्हणाली.

"कुणाचंही. म्हणजे, ओढायचंच झालं एखादं, तर."

"तर पाव मी भाजेन. ओढणाऱ्यांना उपाशी परत पाठवायचं नसतं."

आधीच्या बैठकीतही बोलणं इथवरच आलं होतं.

घर तिचंच होतं. कड्याच्या टोकावर, समुद्राकडे पाठ करून उभं. लाटा खालून कडा खात होत्या. गेल्या वादळात कोंबड्यांचं खुराडं गेलं होतं. पुढच्या वादळात काय जाणार, हे लहान पोरंसुद्धा सांगत.

या बेटांवर घर हलवणं ही काही मोठी गोष्ट नव्हे. घराखाली ओंडके घालतात, बैल जुंपतात आणि सगळा गाव दोराला हात लावतो. मजुरी कुणी घेत नाही. पण आधी घराच्या मालकाला दारोदार जाऊन विनवणी करावी लागते. विनवल्याशिवाय कुणी दोराला शिवत नाही. न विनवता शिवणं म्हणजे मालक जिवंत असताना तो नाही असं धरून चालणं. दोन्या एदेल्मिरानं जन्मभर दुसऱ्यांची घरं ओढणाऱ्यांना जेवू घातलं होतं. स्वतःसाठी ती कधी कुणाच्या दाराशी उभी राहिली नव्हती. ओंडके तोडून सेफेरिनोच्या अंगणात पडले होते. दोर तयार होते. तिचं एक वाक्य तेवढं येत नव्हतं.

बेलार्मिनोला ते घर अलीकडे स्वप्नात दिसे. धुक्यातून एकटंच चालत येई, चर्चपाशी थांबे, आणि त्याच्या धुराड्यातून धूर निघत असे. जाग आली की तो आधी कान देऊन समुद्र ऐके.

आताही क्षणभर त्याला तो धूर दिसला. तो उभा राहिला.

"दोन्या एदेल्मिरा, सणासाठी आपण सगळ्यांकडे मागतोय. तुमच्याकडे काही मागितलं नाही अजून."

"पाव देतेय की मी."

"पाव नको. चूल द्या."

सगळे त्याच्याकडे बघू लागले. त्याचा आवाज बारीक झाला, पण बंद पडला नाही. "चर्चशेजारी एक चूल हवीय. ती घरासकट आली तर भिंतींचा खर्च वाचेल. आणायचं काम आमचं."

"फिस्कालनं मागितलं," सेफेरिनो पुटपुटला. "आता उद्या ऊन पडणार बघा."

कुणी हसलं नाही. दोन्या एदेल्मिरानं शाल सारखी केली.

"विनवणी अशी बाकाला टेकून करतात होय? रीत आहे काही. दाराशी या माझ्या."

आणि ती निघून गेली.

थोड्या वेळानं सगळे तिच्या मागून निघाले. पायाखालची वाट तेवढी दिसत होती. पुढे धुक्यात तिची शाल कधी दिसे, कधी विरून जाई. "सावकाश चला," सेफेरिनो दबक्या आवाजात म्हणाला. "म्हातारीला आधी पोचू द्या. आपणच पुढे गेलो तर दार कोण उघडणार?"

ती आत गेली. दार लागलं. ते कुंपणापाशी थांबले, मग पुढे झाले. घराच्या मागून लाटांचा आवाज येत होता, फार जवळून. बेलार्मिनोनं टोपी काढली आणि दार वाजवलं.

"कोण आहे?"

"चर्चकडून आलोय."

दार उघडलं. आज पहिल्यांदाच पाहावं तसं तिनं सगळ्यांकडे पाहिलं. "काय काम काढलंत?"

त्यानं विनवणी म्हटली. जुन्या रीतीनं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, तिच्या नवऱ्याचं नाव घेऊन, तिच्या चुलीचं नाव घेऊन. तिनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

"एवढं भरलं घर," ती म्हणाली. "एकदम कसं सांगू? विचार करावा लागेल मला."

तिच्या मागे भिंती उघड्या होत्या. कपबशा पेंढ्यात गुंडाळल्या होत्या, गाठोडी दोरीनं आवळून ओळीनं मांडली होती, आणि समुद्राकडच्या खिडक्यांच्या काचाही उतरवून घोंगडीत बांधलेल्या होत्या; त्या रिकाम्या चौकटींतून धुकं सावकाश घरात येत होतं.