शेजारच्या सीटपुढचं भोक

नवऱ्याचं वागणंच तिच्या डोक्यात जात होतं. ज्याला घरातलं फाटकं पायपुसणं कधी दिसलं नाही, तो हा माणूस टप उघडणाऱ्या आपल्या जुन्या गाडीत गुडघे टेकून नवं कार्पेट बसवत होता. वर त्याखाली लोकरीचा मऊ नमदाही अंथरत होता, जणू नवी नवरीच घरात येणार होती!

काढून टाकलेलं जुनं कार्पेट तिनं उचललं, तर ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढच्या भागाला चवड्याएवढं भोक. तिचं पित्तच खवळलं.

"मी तर कधीमधी बसते. कोणत्या सटवीनं इथे पाय घासले?"

"तूच गं! मी जरा वेग वाढवला, की तिथे नसलेला ब्रेक दाबत बसतेस."

 

"दाबते म्हणूनच आजवर धडधाकट आहात!"