वाचणारा आणि लिहिणारी

"पूल बंद व्हायच्या आत मला निघायचंय, काका," टेबलापलीकडून इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या.

"लोखंडाला घाई कळत नाही," भिंगकाका म्हणाले आणि पिस्तुलाच्या घासलेल्या जागेवर ॲसिडचा बोळा फिरवू लागले.

प्रयोगशाळेत त्यांना सगळे भिंगकाकाच म्हणत. पिस्तुलावरचा नंबर कानशीनं कितीही घासला, तरी ठोकलेल्या आकड्यांची खूण लोखंडाच्या पोटात राहते. ॲसिड लागलं की ती थोडा वेळ वर येते. त्या ओल्या चकाकीत फोटो धड येत नाही, डोळ्यांनीच वाचावं लागतं. जास्त चोळलं तर आकडा कायमचा जातो. काका एकतीस वर्षं हेच करत आले होते.

बाई पुलापलीकडच्या, शेजारच्या देशाच्या. बंदुकांच्या चोरट्या व्यापारावरून दोन्ही देशांचं नळावरच्या भांडणासारखं होतं. इकडचे म्हणत, बंदुका घेणारे गुंड तुमचे. तिकडचे म्हणत, विकणारी दुकानं तुमची. मरणाऱ्यांना अर्थातच कोणी विचारत नव्हतं. शेवटी करार झाला. नंबर इकडच्यानं वाचायचा, तिकडच्यानं लिहायचा, सही दोघांनी करायची, आणि सही होईपर्यंत वाचणाऱ्याला प्रकरण सांगायचं नाही. हे शेवटचं कलम काकांनीच हट्टानं घालायला लावलं होतं. गोष्ट आधी ऐकली की डोळ्यांना हवं तेच दिसतं, असं त्यांचं म्हणणं.

"घरी सगळं बरं?" बाईंनी विचारलं.

"बरं. मुलगा फिरतीवर, बायको त्याच्या काळजीत. नेहमीचंच."

मुलगा ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायचा. पायाला भिंगरी. गेल्या सोमवारी निघताना त्याच्या निळ्या सदऱ्याचं बटण तुटलं, तर आईनं हाताला लागलं ते तपकिरी बटण लावून दिलं. "आता गिऱ्हाईक मालाकडे कशाला बघतंय, बटणाकडेच बघणार," म्हणत तो हसत गेला होता.

लोखंडावर पहिला आकडा उमटला. मग दुसरा, तिसरा. काकांनी भिंग खाली आणलं आणि उरलेले आकडे वाचले.

शेवटचे चार आकडे म्हणजे मुलाचं जन्मसाल.

गेल्या वर्षी त्यानं बंदुकीच्या दुकानाचा फॉर्म आणून पुढ्यात टाकला होता. "माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तुम्हीच भरा. नेमबाजी शिकतोय." काकांनी आपल्या वळणदार अक्षरात पिस्तुलाचा नंबर लिहिला होता आणि पोरगं हसून म्हणालं होतं, "बघा बाबा, शेवटी माझंच जन्मसाल!"

कसली नेमबाजी आणि कसले सुटे भाग! पोरगं पुलापलीकडे पिस्तुलं विकत होतं.

"काका? दिसतंय ना?"

"थांबा जरा."

"नीट बघा," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "जास्त बोलता येत नाही मला. पण कुठेतरी कुणाची तरी आई वाट बघत असेल."

काकांना लाज वाटली. या पिस्तुलानं कुणाचं तरी लेकरू नेलं होतं, आणि त्याच्या आईला न्याय द्यायचं या घटकेला त्यांच्या हातात होतं. पण डोळ्यांसमोर आली ती स्वतःची बायको, खिडकीशी सुईत दोरा ओवणारी. खरं बोललं तर पोरगा जन्मभर आत. परत आला की कानाखाली वाजवू, वेळ पडली तर त्याच्या पाया पडू, पण हा धंदा सोडायला लावू. आधी त्याला वाचवायला हवं.

त्यांनी नंबर वाचला. शेवटचे दोन आकडे बदलून.

"परत एकदा?"

त्यांनी परत तेच सांगितलं. मग नवा बोळा भिजवून लोखंड गुळगुळीत होईपर्यंत चोळलं आणि सही केली. त्याखाली बाईंनी आपली सही केली.

बाईंनी फोनवर नंबर कळवला. उत्तर यायला पाच मिनिटं लागली.

"या नंबरचं पिस्तूल तुमच्या कुठल्याच दुकानातून विकलेलं नाही म्हणतात." त्यांनी फाईल मिटली. "संपलं."

"म्हणजे खुनी सुटला," काका मान खाली घालून म्हणाले.

"खुनी? तो कधीच सापडलाय. कबूलही झालाय. सौदा करायला बोलावलं आणि विकणाऱ्यालाच उडवलं. माल तुमच्याकडचा, गोळी आमच्याकडची. पाप निम्मं-निम्मं." बाई उठल्या. "हे पिस्तूल मेलेल्याच्या कमरेला होतं. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नाही, खिशात कागद नाही. नंबरावरून घर सापडलं असतं तर देह आईबापांच्या हवाली केला असता, तेवढ्यासाठी धावत आले. आता उद्या सकाळी बेवारस म्हणून पुरतील."

काकांनी गुळगुळीत झालेल्या लोखंडावर पुन्हा भिंग धरलं.

"तरणा पोरगा हो," दारात थांबून बाई म्हणाल्या. "अंगात निळा सदरा, आणि त्याला एकच बटण तपकिरी."