ताईचं फिजिक्स

भाऊबीजेला केतकीताई ओवाळायला समोर आली, तेव्हा शर्विलने मान वर केली नाही. इंजिनिअरिंगला लागल्यापासून तो पहिल्यांदाच घरी आला होता.

प्रवेशासाठी एका भावंडाचा चांगला विषय काढून दुसऱ्याला दिलेला चालायचा. शर्विलचं गणित आणि केमिस्ट्री बरी होती, म्हणून फिजिक्स ताईचं घेतलं. त्यासाठीच्या केंद्रावर दोघांना शेजारी झोपवलं आणि तिच्या डोक्यातला विषय त्याच्या डोक्यात आला. तिच्याकडे त्यातलं काहीच उरणार नाही, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं.

"घे की. मला कुठे पुढे शिकायचंय," ताई म्हणाली होती. ती खोटं बोलतेय हे त्याला तेव्हाच कळलं होतं, तरी तो गप्प बसला.

ओवाळता ओवाळता केतकी थांबली. "शर्विल, ताट तिरकं केलं तरी ज्योत वरच का जाते रे?"

"तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, ती ज्योतीलाही ओढते. कळलं का, ठोंब्या?"

शेवटचं त्याच्या तोंडून आपसूक निघालं. लहानपणी प्रत्येक उदाहरण समजावून झालं की ताई त्याला असंच म्हणायची.

केतकी हसली.

"किती छान समजावतोस रे. तुला कुणी शिकवलं?"