चौथा बंध

"चोरी करायची तर निदान अक्कल तरी वापरायची!" विभागप्रमुख सरांनी नव्या मॅडमनी लिहिलेलं गाईड प्राचार्यांच्या टेबलावर आपटलं.

मॅडम उभ्याच होत्या. त्यांना कोणी खुर्ची दिली नव्हती. चोरी सिद्ध झाली तर नोकरी आजच जाणार, हे प्राचार्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

सरांना मात्र आनंदाचं भरतं आलं होतं. मुलं मॅडमच्या तासाला गर्दी करू लागल्यापासून ही बाई त्यांच्या डोळ्यांत सलत होती. त्यांनी गाईडशेजारी स्वतःच्या नोट्स ठेवल्या. याच नोट्स बावीस वर्षं फळ्यावर उतरवून त्यांनी नाव कमावलं होतं.

"बघा साहेब. मिथेनचे चार बंध एकेक करून तोडायचे. प्रत्येकाला लागणारी ऊर्जा वेगळी. चारही आकड्यांची बेरीज करून चारानं भागलं, की सरासरी बंध एन्थाल्पी. चौथ्या बंधाला खरे लागतात ३३८ किलोज्यूल. माझ्या नोट्समध्ये आहेत ३८३. म्हणून सरासरी ४१६ ऐवजी ४२७ येते. आता हिचं पुस्तक उघडा."

प्राचार्यांनी चष्मा लावला. "४२७."

"नोट्समध्ये आकडे मी मुद्दाम उलटे लिहिले होते, फळ्यावर कधीच नाही. चोर पकडायला!"

"मी तुमचं काहीही उचललेलं नाही," मॅडम म्हणाल्या.

"चोराच्या उलट्या बोंबा! मग आणलंस कुठून?"

"घरून."

"घरी काय मिथेनची शेती आहे?" सर खो खो हसले. "हिची आई कॉलेजात माझ्याबरोबर एकाच वर्गात शिकत होती, साहेब. रसायनशास्त्रात नापास. लेक काय दिवे लावणार?"

मॅडमचा चेहरा लाल झाला, पण आवाज चढला नाही. "ही चूक तुमचीच? दुसऱ्या कोणाकडे असणं शक्य नाही?"

"माझीच! लिहून देतो."

"द्या."

सरांनी झोकात दोन ओळी खरडल्या आणि खाली आपली लफ्फेदार सही ठोकली.

मॅडमनी पर्समधून कव्हर फाटलेली एक जुनी वही काढून प्राचार्यांपुढे ठेवली. खुणेच्या पानावर चौथा बंध होता ३८३, सरासरी ४२७. प्राचार्यांनी सरांकडे एकदा पाहिलं आणि वहीचं पहिलं पान उघडलं. वर मॅडमच्या आईचं नाव होतं. त्याखाली 'दोन दिवसांत परत करतो' आणि तीच लफ्फेदार सही. आणि अगदी तळाशी, आईच्या अक्षरात: 'परत मिळाली. निकालानंतर.'